घोडीचा आहार आणि पैदास : विद्यार्थी-प्रशिक्षण प्रकल्पाच्या नोंदी, डिसेंबर ते जून

१ डिसेंबर

कळपात बारा घोड्या आहेत. सात गाभण, पाच रिकाम्या. पचनीयतेच्या चाचणीला सहा खच्ची घोडे वेगळे काढले आहेत, पैदाशीचा घोडा एकच. प्राणी-प्रयोग नीतिसमितीची मंजुरी फायलीला लावली.

रिकाम्या पाच घोड्यांचे दिवे आजपासून सुरू. दिवस लहान असताना घोडीचे अंडाशय झोपलेले असते. उजेड वाढला की मेलाटोनिनचा (अंधारात स्रवणाऱ्या संप्रेरकाचा) स्राव कमी वेळ होतो आणि माजाचे चक्र लवकर सुरू होते. दिवसाचा उजेड आणि दिवा मिळून १६ तास धरले आहेत. परिणाम दिसायला साधारण ६० ते ७० दिवस लागतात, म्हणून फेब्रुवारीत रेतन करायचे तर सुरुवात आत्ताच हवी. वाढीव उजेड संध्याकाळी द्यायचा: सूर्य मावळण्याआधी दिवा लागला पाहिजे, मध्ये अंधाराची फट नको.

लक्समीटर घोडीच्या डोळ्याच्या उंचीवर धरून कप्प्याच्या चारही कोपऱ्यांत मोजले. दिव्याखाली २६० लक्स, मागच्या डाव्या कोपऱ्यात ४०. किमान १०० हवेत आणि घोडी नेमकी त्याच कोपऱ्यात उभी राहते. दोन कप्प्यांत दुसरा दिवा बसवला. टायमर रोज रात्री तपासायचा. दिवा रात्रभर चालू राहिला तर ‘जास्त उजेड, जास्त फायदा’ असे होत नाही. अखंड उजेडात शरीराला दिवसाची लांबी कळतच नाही, त्यामुळे अंधाराचे आठ तासही उजेडाइतकेच महत्त्वाचे.

५ डिसेंबर

वजने आणि शरीरस्थितीचे गुण घेतले.

फीत वापरायचे सूत्र: छातीचा घेर (सें.मी.) × छातीचा घेर × अंगाची लांबी (सें.मी.) ÷ ११,८८०. घेर खांद्याच्या उंचवट्याच्या लगेच मागे, श्वास सोडल्यावर. लांबी खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडाच्या टोकापर्यंत. घोडी क्र. ३ चा घेर १८८, लांबी १६५, म्हणजे ४९१ किलो. काट्यावर ५०३. एवढा फरक चालतो. पण त्याच घोडीची फीत तीन विद्यार्थ्यांनी लावली तेव्हा ४६८ ते ५१० असे आकडे आले, कारण कुणी फीत तिरकी धरली तर कुणी आवळली. घेराचा वर्ग होतो, त्यामुळे तिथली ४ सें.मी.ची चूक वजनात २० किलोंहून जास्त दिसते. यापुढे प्रत्येक घोडीला तीन मापे आणि मधले माप नोंदवायचे.

गाभण घोडीत हे सूत्र कमी वजन दाखवते, कारण पोटातली वाढ छातीच्या घेरात येत नाही. सातही घोड्या काट्यावरच घ्यायच्या.

गुणांसाठी हेनेके व सहकाऱ्यांची १९८३ ची १ ते ९ मापपट्टी. सहा जागा: मान, खांद्यांचा उंचवटा, खांद्यामागचा भाग, बरगड्या, कमरेचा कणा, शेपटीचे मूळ. नुसत्या डोळ्यांनी गुण दिले तेव्हा क्र. ७ ला एकाने ७ आणि एकीने ५ दिले. हिवाळ्याची दाट लव बरगड्या झाकते, त्यामुळे वाळलेली घोडीही भरलेली वाटते. गाभण घोडीत उलटी फसगत: पोटाच्या ओढीने बरगड्यांवरची कातडी ताणली जाते आणि घोडी आहे त्यापेक्षा वाळकी दिसते. म्हणून आधी बोटे लवेत घालून चाचपायचे, मगच आकडा सांगायचा. गाभण घोडीत शेपटीचे मूळ आणि खांद्यामागचा भाग यांवर जास्त भरवसा ठेवावा. चाचपून दुसरी फेरी घेतल्यावर सगळ्यांचे गुण एका अंकाच्या आत आले.

रेतनासाठी ५ च्या खाली एकही घोडी नको. क्र. ९ आत्ता ४ वर आहे. तिचा खुराक आजपासून वेगळा, कारण दोन गुण वर यायला तीन-चार महिने लागू शकतात. रेतनाच्या तोंडावर खुराक वाढवून ते साधत नाही.

१२ डिसेंबर

गवताचा नमुना. २० गठ्ठे सोडतीने निवडले आणि प्रत्येकात टोकाच्या बाजूने नळी ४० सें.मी. आत फिरवली. हाताने मूठभर उपसलेला नमुना बाद केला: पाने हातातून गळतात, काड्या राहतात आणि प्रथिने कमी दिसतात. सगळे मिसळून हवाबंद पिशवीत भरले.

प्रयोगशाळेचा निकाल: शुष्क पदार्थ ८९ टक्के. शुष्कावर प्रथिने ९.५ टक्के, एनडीएफ (एकूण तंतू) ६२, एडीएफ (त्यातले पचायला जड तंतू) ३८, कॅल्शियम ०.४२, फॉस्फरस ०.२४. पचनीय ऊर्जा १.९५ मेगाकॅलरी प्रति किलो. तांबे ६ आणि जस्त २० मि.ग्रॅ. प्रति किलो.

मार्चमध्ये विणाऱ्या घोडीचा अकरावा महिना फेब्रुवारीच्या मध्यात लागेल. त्याचे गणित आत्ताच करून ठेवले. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २००७ च्या कोष्टकानुसार ५०० किलोच्या घोडीला अकराव्या महिन्यात दिवसाला ऊर्जा २१.४ मेगाकॅलरी, प्रथिने ८९३ ग्रॅम, कॅल्शियम ३६ ग्रॅम, फॉस्फरस २६.३ ग्रॅम, तांबे १२५ मि.ग्रॅ., जस्त ४०० मि.ग्रॅ. लागते. इथले ५०० किलो हे घोडीचे रिकामे वजन. अकराव्या महिन्यात तीच घोडी ५६५ च्या आसपास भरते आणि तो आकडा कोष्टकात घातला की गर्भाची गरज दोनदा मोजली जाते. दोन गटांनी हीच चूक केली.

गवत अंगाच्या २ टक्के, म्हणजे शुष्क १० किलो. त्यातून ऊर्जा १९.५, प्रथिने ९५० ग्रॅम, कॅल्शियम ४२, फॉस्फरस २४, तांबे ६०, जस्त २००. म्हणजे प्रथिने आणि कॅल्शियम पुरेसे. ऊर्जेत १.९ मेगाकॅलरींची तूट, फॉस्फरसमध्ये २.३ ग्रॅमची. मोठी उणीव तांब्या-जस्ताची: दोन्ही जवळपास निम्म्यावर. गर्भ शेवटच्या महिन्यांत यकृतात तांबे साठवतो आणि घोडीच्या दुधात ते फारसे नसते, म्हणून ही उणीव विण्याआधीच भरायला हवी.

नुसते ओट्स वाढवले तर ऊर्जा भागते, तांबे-जस्त तसेच राहते. ऊर्जा २.९ मेगाकॅलरी, फॉस्फरस ०.८ टक्के, तांबे १०० आणि जस्त ३०० मि.ग्रॅ. प्रति किलो असलेली संतुलक गोळी ७०० ग्रॅम दिली की ऊर्जा २.०, फॉस्फरस ५.६ ग्रॅम, तांबे ७०, जस्त २१० मिळते. सगळे खड्डे भरले. गोळीतल्या १.५ टक्के कॅल्शियमसह कॅल्शियम-फॉस्फरसचे प्रमाण १.८ ला १ येते. ते १ च्या खाली जाता कामा नये.

आता खरी चूक. ‘१० किलो गवत’ असे फळ्यावर लिहिले आणि तबेल्यात काट्यावर १० किलोच तोलले. ते जसेच्या तसे गवत, त्यात शुष्क ८.९ किलो. तोलायला हवे होते ११.२ किलो. आठवडाभर सातही घोड्यांना दिवसाला दोन मेगाकॅलरींहून अधिक ऊर्जा कमी पडली असती. यापुढे फळ्यावर प्रत्येक आकड्यापुढे ‘शुष्क’ किंवा ‘जसेच्या तसे’ हा शब्द हवाच. तो नसेल तर खुराक द्यायचा नाही.

खुराकाचे मापही काढून टाकले. दोन लिटरच्या त्याच डब्यात ओट्स साधारण ०.९ किलो आणि मका १.५ किलो बसतो. मक्याची ऊर्जाही जास्त, त्यामुळे ‘एक डबा’ बदलला की ऊर्जा जवळपास दुप्पट होते. टांगता काटा खुराकाच्या खोलीच्या दारातच लावला आहे.

कुरणाचीही तपासणी केली. उत्तरेच्या कप्प्यात टॉल फेस्क्यू हे गवत आहे आणि त्यात बुरशीचा अंश निघाला. या गवतातली बुरशी अर्गोव्हॅलीन हे विष तयार करते, त्याने प्रोलॅक्टिन (दूध आणणारे संप्रेरक) दबते, मग कास भरत नाही, गर्भावधी लांबतो, वार जाड होते. गाभण घोड्या विण्याच्या किमान ६० दिवस आधी तिथून बाहेर काढायच्या. सात घोड्यांच्या तारखा भिंतीवर लावल्या.

१८ डिसेंबर

पचनीयतेची चाचणी सुरू. सहा खच्ची घोडे, दोन प्रकारचे गवत (उशिरा कापलेले आणि लवकर कापलेले), प्रत्येक घोड्याला आलटून पालटून दोन्ही. दर फेरीत २१ दिवस सवयीचे, ५ दिवस नमुन्याचे. पहिले दहा दिवस नवे गवत टप्प्याटप्प्याने. मोठ्या आतड्यातले जंतू एका रात्रीत बदलत नाहीत आणि घाई केली तर पातळ लीद, वायू, कधी पोटशूळ. सवयीच्या काळात दोन घोड्यांची लीद मऊ झाली. त्यांचा बदल तीन दिवसांनी लांबवला.

लिदीच्या पिशव्या न बांधता आम्लात न विरघळणारी राख हा खूणपदार्थ वापरायचे ठरवले. बांधाबांध टळते, घोडा मोकळा राहतो. गवतातली ही राख पचत नाही, म्हणून लिदीत ती दाटते. किती दाटली त्यावरून पचन कळते. उरलेले गवत रोज तोलायचे.

१० जानेवारी

पहिल्या फेरीतल्या नमुन्यांचे तीन दिवस झाले आणि क्र. १ घोड्याची शुष्क पचनीयता ६१ टक्के निघाली. बाकीचे ४८ ते ५२. एडीएफ ३८ असलेल्या गवताला ६१ शक्य नाही.

कृतीत काही चूक नव्हती: नमुना ६० अंशांवर ४८ तास सुकवला, १ मि.मी. चाळणीतून दळला, ५ ग्रॅम घेतला, रात्रभर ४५० अंशांवर जाळला, २ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाच्या १०० मि.लि. मध्ये पाच मिनिटे उकळला, राखरहित कागदातून गाळला, गरम डिस्टिल्ड पाण्याने आम्ल जाईपर्यंत धुतला, कागदासकट पुन्हा जाळला. दोन नमुन्यांतला फरकही कमी.

चूक गोळा करण्यात होती. क्र. १ ची रबरी चटई उचलून धुवायला नेली होती आणि लीद मातीवरून उचलली गेली. लिदीतली राख खरे तर ४ टक्के असते. गवतात ती २ टक्के, म्हणजे पचनीयता १ − २/४ = ५० टक्के. मातीमुळे राख ५ टक्के झाली की उत्तर १ − २/५ = ६० टक्के. वाळूचा कण लिदीत पडला की कागदावर घोड्याचे पचन सुधारते! हा पद्धतीचा सर्वांत मोठा सापळा आहे आणि तो चांगल्या बातमीच्या रूपात येतो, म्हणून सहसा पकडला जात नाही.

क्र. १ चे तीनही दिवसांचे नमुने बाद. उरलेल्या दिवसांत ताजी लीद पडतानाच चटईवरून, वरचा थर घेऊन. घोडा स्वतः वाळू खात असेल तर तीच गडबड होते, त्यामुळे सगळ्यांची हातमोज्यात पाणी घालून तपासणी केली. लीद पाण्यात कालवून दहा मिनिटे उभी धरली. बोटांच्या टोकांत वाळू बसली नाही.

वेळाही बदलल्या. राख दिवसभर सारखी बाहेर पडत नाही. सहा तासांच्या अंतराने घ्यायचे, दर दिवशी वेळ दीड तास पुढे सरकवायची, म्हणजे पाच दिवसांत घड्याळाची सगळी बाजू येते.

२० जानेवारी

गुदमार्गाने तपासणीचे प्रशिक्षण. आधी दोन दिवस प्रतिकृतीवर, मगच घोडीवर. घोडी लोखंडी चौकटीत, शेपूट बाजूला गुंडाळून बांधलेली, विद्यार्थ्याच्या हातात अंगठ्या-घड्याळ नाही, नखे कापलेली. लांब हातमोजा, भरपूर वंगण, आधी लीद पूर्ण काढायची. आतडे आवळले की हात सैल सोडून मागे येऊ द्यायचा. आतड्याशी कधी झुंजायचे नाही. गुदद्वारापासून साधारण २५ ते ३० सें.मी. आत, वरच्या बाजूला आतडे फाटण्याचा धोका सर्वांत जास्त. मोज्यावर रक्त दिसले की तपासणी तिथेच थांबवून लगेच पशुवैद्याला सांगायचे. ‘थोडेच आहे’ असे ठरवायचा अधिकार विद्यार्थ्याचा नाही. एका घोडीवर दिवसाला दोनच हात.

रिकाम्या घोड्यांपैकी तिघींच्या अंडाशयात २० ते २५ मि.मी.चे अनेक फॉलिकल (बीज धरणारे फुगे) दिसतात, पण एकही पुढे जात नाही. हा संक्रमणकाळ. घोडी आठ-दहा दिवस सलग माज दाखवते, बीज सुटत नाही. आत्ता एचसीजी (बीज सोडवणारे संप्रेरक) टोचून काही होणार नाही. पहिले बीज सुटू द्यायचे, मग चक्र आपोआप २१-२२ दिवसांचे होते.

९ फेब्रुवारी

पैदाशीच्या घोड्याचे वीर्य. चाचणीच्या नोंदीआधी सात दिवस रोज एकदा घेतले, कारण साठलेले शुक्राणू बाहेर पडल्यावरच रोजची खरी उत्पत्ती कळते.

कृत्रिम योनीत पाणी ५० ते ५२ अंशांचे भरले. आतल्या बाजूला ४५ ते ४८ मिळाले पाहिजे. थर्मामीटर आत घालूनच खात्री करायची, पाण्याच्या तापमानावर जायचे नाही. वंगण शुक्राणूंना मारणारे नसावे. तोंडाशी गाळणी, त्यात जेल अडकते. बाटली, फनेल, स्लाइड, कव्हरस्लिप, एक्स्टेंडर (वीर्य पातळ करून टिकवणारे द्रावण) सगळे ३७ अंशांवर आधीच.

आजचे जेलविरहित वीर्य ६० मि.लि. मोजणीसाठी १:१०० पातळ केले, हिमोसायटोमीटरच्या (चौकोन आखलेल्या मोजणीच्या काचेच्या) मधल्या मोठ्या चौकोनात जेवढे शुक्राणू तेवढे दशलक्ष प्रति मि.लि. एका बाजूला १९६, दुसरीकडे २०४. फरक १० टक्क्यांच्या आत, सरासरी २००. एकूण १२ अब्ज. सरळ पुढे जाणारे ६५ टक्के, म्हणजे ७.८ अब्ज. ताज्या रेतनाला ५० कोटींची मात्रा धरली तर १५ मात्रा. थंड करून पाठवायचे तर १ अब्ज धरायचे, म्हणजे फक्त ७.

एक्स्टेंडर चार पट घातला, ४० दशलक्ष प्रति मि.लि. झाले. त्यात चालणारे २६ दशलक्ष. एका मात्रेसाठी १९ मि.लि.

दोन गडबडी. पहिल्या गटाने गती १० टक्के नोंदवली आणि घोडाच नापास ठरवायला निघाले. स्लाइड टेबलावर होती, खोली १८ अंश. थंडीचा धक्का बसला की शुक्राणू वर्तुळात फिरतात किंवा मागे सरकतात आणि नंतर गरम करून ते परत येत नाहीत. गरम स्लाइडवर त्याच वीर्याचा नवा थेंब: ६५. घोड्यावर शिक्का मारण्याआधी निदान दोनदा, वेगळ्या हाताने पाहायचे.

दुसरी जास्त धोक्याची. घनतामापकाने मोजताना एक्स्टेंडर आधीच मिसळला होता. मापक उजेड किती अडतो ते बघतो, आणि एक्स्टेंडर दुधाच्या पावडरीचा. दुधाने अडवलेला उजेडही शुक्राणूंच्या नावावर जमा होतो. संख्या फुगते, मात्रा लहान केली जाते, घोडी रिकामी राहते आणि दोष तिच्याकडे जातो. मोजणी नेहमी कच्च्या वीर्यावर, एक्स्टेंडरच्या आधी.

थंड करण्याच्या मात्रा १९ ते ८ अंशांच्या दरम्यान मिनिटाला ०.०५ अंश या गतीने उतरवायच्या. सरळ फ्रिजमध्ये ठेवलेली नळी वाया गेली असे धरावे.

घोड्याच्या वहीत ताप, जखम, प्रवास, औषधे यांची जागा वाढवली. शुक्राणू तयार व्हायला ५७ दिवस लागतात. आजच्या खराब नमुन्याचे कारण दोन महिन्यांपूर्वीच्या तापात असू शकते.

१६ फेब्रुवारी

दिव्याखालच्या पाचपैकी तिघींत बीज सुटून गेले, चौथीचा माज सुरू आहे. क्र. ९ (गुण ४ वरून आलेली, आता ५ च्या जवळ) अजून संक्रमणकाळात. पाचही घोड्यांना सारखाच उजेड मिळाला होता. वेगळी होती ती फक्त चरबी. एका घोडीवरून निष्कर्ष काढायचा नाही, नोंद मात्र ठेवायची.

क्र. ४ चे दुसरे चक्र: फॉलिकल ३५ मि.मी., गर्भाशयाची माजातली सूज ३ गुण, त्याचे मुख सैल. एचसीजी २५०० आंतरराष्ट्रीय एकके शिरेतून दुपारी दोनला. बीज साधारण ३६ तासांनी सुटते. रेतन उद्या सकाळी.

रेतनाची तयारी विद्यार्थ्यांनी केली. शेपूट गुंडाळली, बाहेरचा भाग सौम्य साबणाने तीनदा धुतला आणि साबणाचा अंशही राहू नये म्हणून स्वच्छ पाण्याने पुन्हा पुन्हा. कोरडा पुसला. सिरिंज पूर्ण प्लास्टिकची घ्यायची. रबरी दट्ट्याचा संपर्क शुक्राणूंना घातक.

रेतनानंतर दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी करायचीच. गर्भाशयात २ सें.मी. पेक्षा जास्त द्रव असेल तर धुणे आणि ऑक्सिटोसिन (गर्भाशय आवळणारे संप्रेरक), पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणे. हे सोडून दिलेल्या घोड्या नंतर ‘कारण नसताना’ रिकाम्या राहिल्याचे लिहिले जाते.

२४ फेब्रुवारी

पचनीयतेचे दोन्ही फेऱ्यांचे आकडे पूर्ण. लवकर कापलेले गवत सहाही घोड्यांत वर आले. एका गटाने ६ घोडे × ५ दिवस = ३० निरीक्षणे धरून चाचणी लावली आणि फरक फार ठसठशीत दाखवला. ते चूक. एकाच घोड्याचे पाच दिवस हे पाच घोडे नव्हेत. आधी प्रत्येक घोड्याची फेरीनिहाय सरासरी, मग सहा जोड्यांची तुलना. फरक टिकला, पण तो कितीपासून कितीपर्यंत असू शकतो ती हद्द बरीच रुंद झाली आणि खरी हद्द तीच आहे. क्र. १ च्या दुरुस्त नमुन्यांसाठी फक्त दोन दिवस उरले होते. तसे तळटिपेत लिहायचे.

४ मार्च

क्र. ४, बीज सुटल्यापासून १४ वा दिवस. सोनोग्राफीत दोन गोल. एक १६ मि.मी., दुसरा १३. विद्यार्थ्यांचे मत: जुळे. पण या घोडीच्या गर्भाशयाच्या डिसेंबरच्या नकाशात डाव्या शिंगाच्या (गर्भाशयाच्या फाट्याच्या) मुळाशी १३ मि.मी. ची पुटी (द्रवाने भरलेली गाठ) नोंदलेली आहे. जागा तीच, माप तेच. तरी खात्रीसाठी २४ तास थांबलो. या वयात गर्भाचा गोल दिवसाला ३-४ मि.मी. वाढतो आणि गर्भाशयात फिरतो, पुटी दोन्ही करत नाही.

५ मार्च

मोठा २० मि.मी., जागा बदललेली. छोटा जिथल्या तिथे. एकच गर्भ. डिसेंबरचा नकाशा नसता तर पुटी फोडण्याचा प्रयत्न झाला असता. खरे जुळे असेल तर एक गोल १६ व्या दिवसाआधीच दाबून काढायचा. त्यानंतर गोल एका जागी स्थिरावतात आणि दोन्ही एकाच शिंगात शेजारी असले की वेगळे करणे अवघड. हृदयाचा ठोका २५ व्या दिवशी पाहायचा.

१९ मार्च

क्र. ३ व्याली. रात्री २.१०.

आठ दिवस आधीपासून संध्याकाळी दुधाची तपासणी. १.५ मि.लि. दूध, ९ मि.लि. डिस्टिल्ड पाणी, कडकपणाची पट्टी. किटच्या कोष्टकाप्रमाणे कॅल्शियमचा उंबरठा २०० पीपीएम (दहा लाखांत २०० भाग). १३ तारखेला अचानक २५० दाखवले आणि सगळे रात्रभर जागले, पण काहीच झाले नाही. डिस्टिल्ड पाण्याची बाटली संपल्याने नळाचे पाणी घातले होते! नळाच्या पाण्यातलाच कडकपणा पट्टीने मोजला. तेव्हापासून सोबत सामूही पाहतो: ६.४ किंवा खाली आला की विणे जवळ. १८ तारखेच्या संध्याकाळी दोन्ही जुळले, सडांवर मेणासारखे थेंब होते.

पाणमोट फुटल्यापासून शिंगरू बाहेर येईपर्यंत १८ मिनिटे. पाळीवरच्या विद्यार्थ्यांना एकच गोष्ट पाठ हवी: बाहेर आलेली पिशवी पांढरट असावी. लाल मखमली दिसली तर वार आधीच सुटली आहे, शिंगराचा प्राणवायू तुटतो आहे. तेव्हा वाट न पाहता पिशवी फाडायची, शिंगरू काढायचे, आणि दुसऱ्याने पशुवैद्याला फोन करायचा. पांढरी असेल आणि काम पुढे सरकत असेल तर हात मागे बांधून उभे राहायचे.

शिंगरू ५० मिनिटांत उभे राहिले, १ तास ४० मिनिटांनी प्यायले, वार २ तासांत पडली. एक तासात उभे, दोनात दूध, तीनात वार हा नियम पाळला गेला. शिंगरू ५२ किलो. वार ५.६ किलो, म्हणजे शिंगराच्या १०.८ टक्के. ११ च्या वर गेली असती तर दाह किंवा सूज शोधली असती. वार इंग्रजी ‘F’च्या आकारात पसरून दोन्ही शिंगांची टोके तपासली, पूर्ण आहे. रिकाम्या शिंगाचे टोक सर्वाधिक वेळा आत तुटून राहते, ते आधी पाहायचे.

चीक: ब्रिक्स (दाटपणाचे माप) २७ टक्के, चांगला. हा पिण्याआधीचा पहिला थेंब आहे. प्यायल्यानंतर घेतलेला आकडा कमी दिसतो आणि फसवतो. नाळेला ०.५ टक्के क्लोरहेक्सिडिन. १८ तासांनी रक्तातले आयजीजी (चिकातून आलेली प्रतिपिंडे) ८०० मि.ग्रॅ. प्रति डेसीलिटरच्या वर.

दोन दिवसांपूर्वीच्या क्र. ११ च्या शिंगराचे ४०० ते ८०० च्या मधले आले होते. तिचा चीक विण्याआधी दोन दिवस सडांतून गळत होता, पण रात्रपाळीच्या वहीत ‘कास ओली’ एवढेच लिहिले होते. गळणारा चीक नोंदवला असता तर साठवणीतला देता आला असता. २४ तासांनंतर आतडे प्रतिपिंडे घेत नाही, मग प्लाझ्माच (रक्तद्रव). पशुवैद्याने दिला. वहीत आता ‘चीक गळतो: हो/नाही’ असा स्वतंत्र रकाना.

१४ एप्रिल

क्र. ३ चा दुधाचा पहिला महिना संपत आला. गरज ३१.७ मेगाकॅलरी, प्रथिने १५३५ ग्रॅम, कॅल्शियम ५९, फॉस्फरस ३८. पोटात गर्भ असतानापेक्षा ही गरज जवळपास दीडपट, हे विद्यार्थ्यांना दरवेळी नवे वाटते.

पहिला प्रस्ताव: गवत तेच १० किलो शुष्क, उरलेले १२.२ मेगाकॅलरी, किलोला ३.० मेगाकॅलरी असलेल्या दाण्यातून, म्हणजे ४.१ किलो, दोन वेळा. दाण्यात स्टार्च ३० टक्के. एका वेळी ६१५ ग्रॅम स्टार्च, अंगाच्या किलोला १.२ ग्रॅम. आपली मर्यादा १ ग्रॅम. लहान आतड्यात न पचलेला स्टार्च मागे गेला की आम्ल वाढते आणि तिथून पोटशूळ व खुरांचा दाह. प्रस्ताव परत.

दुसरा: गवत ८ किलो शुष्क, लसूणघास ४ किलो शुष्क (किलोला २.४ मेगाकॅलरी). दोन्ही मिळून २५.२. उरले ६.५, म्हणजे दाणा २.२ किलो, दोन वेळा. एका वेळी ३३० ग्रॅम स्टार्च, किलोला ०.६६. प्रथिने १८०० च्या वर, फॉस्फरस ४२. कॅल्शियम १०९, म्हणजे प्रमाण २.६ ला १, चालेल. मंजूर. दाणा अर्धा झाला आणि घोडीला चघळायला दोन किलो चारा जास्त मिळाला.

घोडीचा गुण विताना ६ होता, आज ५.५. इथवर ठीक.

शिंगराला सातव्या ते दहाव्या दिवशी पातळ हगवण झाली होती. ती आईच्या माजामुळे नव्हे. त्याच सुमारास शिंगराच्या आतड्यात जंतुसंख्या बदलते, आईची लीदही ते खाते. पीत होते, खेळत होते, ताप नव्हता, म्हणून शेपटीखाली स्वच्छता आणि मलम एवढेच. पिणे थांबले असते तर गोष्ट वेगळी. त्या माजात रेतन केले नाही: दहाव्या दिवसाच्या आत बीज सुटले तर गर्भाशय अजून सावरलेले नसते.

६ मे

खुराकाच्या खोलीची झडती. शेजारच्या कोंबडी-विभागाची पोती एकाच हातगाडीवरून येतात हे लक्षात आले. कोंबडीच्या खाद्यात मोनेन्सिन (कोंबड्यांच्या आतड्याच्या रोगावरचे औषध) असू शकते. घोड्याला अंगाच्या किलोला २-३ मि.ग्रॅ. सुद्धा प्राणघातक ठरू शकते, हृदयाचा स्नायू जातो. हातगाडी, फावडे, डबे वेगळे केले आणि त्यांना लाल रंग दिला. प्रत्येक पोत्याचा बॅच क्रमांक नोंदवून त्यातले अर्धा किलो खाद्य सहा महिने जपून ठेवायचे.

लिदीतली जंतांची अंडी: ४ ग्रॅम लीद, २६ मि.लि. दाट मिठाचे द्रावण, मोजणीच्या काचेच्या दोन्ही कप्प्यांतली बेरीज × २५. क्र. ७ मध्ये १८ अंडी, ग्रॅमला ४५०. औषध तिलाच. बाकी १५० च्या खाली, त्यांना नाही. औषधानंतर १४ दिवसांनी पुन्हा मोजायचे, नाहीतर औषध लागू पडले की नाही ते कळणार नाही.

११ जून

शिंगरांची वजने दर आठवड्याला काट्यावर. मोठ्या घोड्याचे फितीचे सूत्र त्यांना लावू नये, छातीच्या आणि पायांच्या प्रमाणामुळे ते चुकते. क्र. ३ चे शिंगरू पहिल्या महिन्यात दिवसाला १.४ किलोने वाढले, आता १.१. वेग कमी होणे नेहमीचे. एकाच आठवड्यात ०.६ वर घसरलेले क्र. ११ चे शिंगरू मात्र पाहायला हवे: आधी आईचे दूध, मग जंत, मग सांधे.

क्र. ९ ने ८ मेला बीज सोडले. २९ मेला पुन्हा सोडले, रेतन झाले, उद्या १४ वा दिवस. सोनोग्राफी सकाळी आठला, पुटींचा नकाशा सोबत आणायचा.